दृष्टी अधू झालेल्या आईबरोबर कोणते मराठी चित्रपट पाहावेत?

शेवंती (प्रश्न)

गेल्या चार महिन्यांत मी आईबरोबर सात मराठी चित्रपट पाहिले. त्यांच्याविषयी मला जे वाटले ते लिहिते आणि शेवटी आपणा सर्वांना एक विचारणा करते.

आई ७९ वर्षांची आहे. दृष्टिपटलाच्या मध्यभागाची वयोमानाने होणारी झीज तिच्या दोन्ही डोळ्यांत झाली आहे. तिला दाराची चौकट दिसते, पण दारात उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा दिसत नाही. ताटाची कड दिसते, पण ताटातली भाजी कोणती ते वास घेऊन ओळखावे लागते. टीव्हीच्या पडद्यावर तिला हलणारे रंग तेवढे कळतात. तरीही चित्रपट पाहण्याची तिची हौस कमी झालेली नाही, आणि ‘ऐकू या’ असे न म्हणता ती अजूनही ‘पाहू या’ असेच म्हणते. मी शेजारी बसते आणि जमेल तसे सांगत जाते.

सुरुवात ‘सैराट’पासून झाली. पूर्वार्धात ती मनापासून हसली, आर्चीच्या तोंडची भाषा ऐकून खूश झाली. हैदराबादच्या भागात ती गप्प बसून ऐकत राहिली. आणि मग शेवट आला. ज्यांनी तो चित्रपट पाहिला आहे त्यांना ठाऊक आहे, की शेवटच्या प्रसंगात सगळा आवाज काढून घेतलेला आहे. ते लहान मूल घरात येते, आत जे आहे ते पाहते आणि बाहेर पडते. त्याच्या पावलांचे लाल ठसे जमिनीवर उमटत जातात. हे सगळे विलक्षण शांततेत घडते. मी २०१६ साली थिएटरात तो शेवट पाहिला होता तेव्हा सभोवती कोणी हललेसुद्धा नव्हते. या वेळी आई म्हणाली, “आवाज गेला का गं? रिमोटवर हात पडला का तुझा?” माझ्या तोंडून शब्द फुटेना. मी सांगायला सुरुवात करेपर्यंत नामावली सुरू झाली होती. नंतर तिने दोनदा विचारले, “मग बाळ कुठं गेलं?”

त्या रात्रीपासून मी चित्रपट निवडताना विचार करू लागले. ‘कोर्ट’ मात्र तिने जवळजवळ एकटीने पाहिला म्हणायला हरकत नाही. तिने कचेरीत ३१ वर्षे टंकलेखन केले आहे. न्यायाधीश साक्षीदाराचे म्हणणे आपल्या शब्दांत मांडून टंकलेखकाला सांगतात, ते ऐकताना तिची बोटे मांडीवर हलत होती. मॅनहोलमध्ये मरण पावलेल्या कामगाराची पत्नी साक्ष देते, तो प्रसंग तिने मला मागे नेऊन पुन्हा लावायला सांगितला. आत उतरण्याआधी तो खडा टाकून पाहत असे आणि झुरळ बाहेर आले तर उतरत असे, हे ती बाई कसलाही चढउतार नसलेल्या आवाजात सांगते. आई म्हणाली, “रडली असती तर मला इतकं लागलं नसतं.” मी तोच प्रसंग पूर्वी दोनदा पाहिला होता, पण त्या आवाजाकडे माझे कधी नीट लक्ष गेले नव्हते.

‘किल्ला’ मला अतिशय आवडतो, म्हणून हट्टाने लावला, आणि तो पार फसला. कोकणातला पाऊस, समुद्र, सायकली हे सगळे कानाला लागते. पण वडील गेलेल्या आणि आईच्या बदलीमुळे नव्या गावात आलेल्या त्या मुलाच्या, चिन्मयच्या, मनात जे चालले आहे ते त्याच्या चेहऱ्यावर आणि त्या गावाच्या उजेडात आहे. दिग्दर्शक अविनाश अरुण स्वतः छायाचित्रकार आहेत, त्यामुळे ते साहजिकही आहे. अर्ध्या तासाने आई म्हणाली, “पाऊस छान पडतोय, पण त्या मुलाचं काय चाललंय ते मला कळत नाही.” आम्ही तो तिथेच थांबवला.

‘फँड्री’च्या वेळी वेगळेच घडले. जब्याचे कुटुंब डुकराच्या मागे धावत असते आणि शाळेत राष्ट्रगीत सुरू होते. ते कानावर पडताच आई खुर्चीचे हात धरून उठली आणि ताठ उभी राहिली. मीही उभी राहिले आणि हळूच सांगितले, की पडद्यावरही सगळे जागच्या जागी उभे आहेत आणि हाताशी आलेले डुक्कर समोरून निघून जात आहे. राष्ट्रगीत संपल्यावर ती बसली आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “म्हणजे त्यांनाही थांबावंच लागलं.”

‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ला ती भरपूर हसली. चित्रपटांच्या नादापायी फाळके यांची दृष्टी काही काळ गेली होती, तो भाग आल्यावर मात्र तिने मान वळवून माझ्याकडे पाहिले. उरलेले दोन चित्रपट अगदी अलीकडचे होते. त्यांची नावे लिहीत नाही, कारण तक्रार एकच आहे: प्रत्येक संवादाखाली इतके दणदणीत संगीत होते, की डोळे चांगले असलेल्या मलाही ओठांच्या हालचालींवरून शब्द ओळखावे लागत होते. आईला तर ओठही दिसत नाहीत.

माझी विचारणा अशी आहे. आपण गेल्या काही महिन्यांत जे चित्रपट पाहिले असतील, ते डोळे मिटून पाहिले असते तर किती उरले असते, हे कृपया सांगावे. दुसरे म्हणजे, ‘श्वास’ तिला दाखवावा की नाही, याचा निर्णय मला करवत नाही. दृष्टी जाणार असलेल्या मुलाची ती गोष्ट आहे, म्हणून दोनदा लावता लावता थांबले.

खर्ज

मी काही वर्षे ध्वनिमिश्रणाचे काम केले आहे, त्यामुळे आपला प्रश्न वाचून राहवले नाही. आधी संगीताखाली संवाद दबण्याची तक्रार घेतो, कारण तिच्यावर निदान थोडा उपाय आहे. थिएटरसाठी ध्वनी अनेक वाहिन्यांत विभागलेला असतो, त्यात संवाद मुख्यतः पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधून येतात आणि संगीत व आजूबाजूचे आवाज बाकीच्या स्पीकरांत पसरलेले असतात. घरच्या टीव्हीला बहुतेक वेळा दोनच स्पीकर असतात, तेही बहुधा मागच्या बाजूला किंवा खाली तोंड करून बसवलेले. सगळ्या वाहिन्या त्या दोघांत कोंबल्या गेल्या की संवाद संगीताखाली दबतात. चित्रपट सुरू करण्यापूर्वी ध्वनीच्या पर्यायांत ५.१ (सहा वाहिन्यांचा ध्वनी) ऐवजी स्टिरिओ (दोन वाहिन्यांचा) निवडता येत असेल तर निवडावे, आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये संवाद किंवा आवाज स्पष्ट करण्याचा पर्याय असेल तर तो चालू करावा. आईंना साधे हेडफोन चालत असतील तर सगळ्यांत उत्तम. अर्थात मूळ मिश्रणातच संगीत चढवलेले असेल तर यातले काहीही कामाला येणार नाही, आणि हल्ली तसे फार वेळा चढवलेले असते. प्रसंगात भाव उतरला नाही अशी शंका आली की त्याखाली व्हायोलिने सोडायची, ही सवय आमच्या व्यवसायाला लागली आहे आणि ती मला मनापासून खटकते.

‘सैराट’च्या शेवटाबद्दल आपण लिहिलेले वाचून मी अस्वस्थ झालो. आमच्या क्षेत्रात तो शेवट धाडसाचे उदाहरण म्हणून सांगितला जातो, कारण ज्या चित्रपटातल्या गाण्यांना अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसला जाऊन मोठ्या वाद्यवृंदाचा साज चढवला, त्याच चित्रपटाचा शेवट पूर्ण मुका ठेवला आहे. तो मुकेपणा कोणाला नुसता बिघाड वाटू शकतो, हे इतक्या वर्षांत माझ्या मनात आले नव्हते.

आता माझी शिफारस. मी गेल्या महिन्यात चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’ पुन्हा पाहिला. ‘कोर्ट’ आईंना आवडला असेल तर हा त्याच दिग्दर्शकाचा पुढचा चित्रपट आहे, आणि कानांसाठी याहून चांगला मराठी चित्रपट मला तरी आठवत नाही. शास्त्रीय गायन शिकणाऱ्या शरद नेरुलकरची ही गोष्ट आहे. ते काम करणारे आदित्य मोडक स्वतः गायक आहेत आणि गुरुजींच्या भूमिकेतले अरुण द्रविड हेही जयपूर-अत्रौली घराण्याचे गायक आहेत, त्यामुळे गाण्याच्या वेळी ओठ एकाचे आणि गळा दुसऱ्याचा असा प्रकार नाही. त्यातही एक जागा आहे. शरद रात्री मुंबईच्या रिकाम्या रस्त्यांवरून मोटरसायकलवर जात असतो, दृश्याची गती मंद केलेली असते आणि त्याच्या कानात गुरुजींच्या गुरू असलेल्या माईंची जुनी व्याख्याने चालू असतात. तानपुरा आणि माईंचा आवाज, एवढेच ऐकू येते. मोटरसायकलचा आवाज नाही, शहराचा नाही. त्या क्षणी शरदला जेवढे ऐकू येते तेवढेच आपल्यालाही ऐकू येते, म्हणजे तिथे आपल्या आई आणि डोळस प्रेक्षक एकाच जागी बसलेले असतात. माईंचा तो आवाज दिग्दर्शिका सुमित्रा भावे यांचा आहे. त्यात उपदेशाचा अभिनिवेश अजिबात नाही. अंधारात कोणी शांतपणे समजावून सांगावे तसा तो येतो. शरदने पुढे आयुष्यभर स्वतःला ज्या मापाने मोजले ते माप त्या आवाजाने दिलेले आहे, आणि त्याचे गाणे त्या मापाला पुरत नाही हे आपल्यालाही कानांनीच कळत जाते. प्रत्येक मैफलीत त्याचा सूर किती ताणलेला आहे ते आई पडद्याकडे न पाहता सांगू शकतील.

रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ही मी अलीकडेच पाहिला. २०२५ च्या सनडान्स महोत्सवात त्याला जागतिक कथाचित्रपटांचे मुख्य पारितोषिक मिळाले. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी आलेला आनंद आणि गावातला बाळ्या यांच्यात जुळत जाणारे प्रेम त्यात आहे. पार्श्वसंगीताचा आधार घेतलेला नाही, बोलणे खालच्या पट्टीतले आहे, गाव दूरवरून ऐकू येत राहते. मला तो फार आवडला. परंतु दोघे काही न बोलता एकमेकांजवळ बसून आहेत अशा जागा पुष्कळ आहेत, आणि तिथे आपल्याला सांगावे लागेल.

कुडाळचा

‘दशावतार’ अजून दाखवला नसेल तर अवश्य दाखवा. दिलीप प्रभावळकर यांनी त्यात बाबुली मेस्त्री हा म्हातारा दशावतारी कलावंत उभा केला आहे, ज्याची दृष्टी अधू होत चालली आहे आणि तरी त्याला रंगभूमी सोडवत नाही. आपण आईंबद्दल लिहिलेले वाचताना मला सारखा तोच आठवत होता.

मी लहानपणापासून गावच्या जत्रेतले दशावतार पाहत आलो आहे. किंबहुना ऐकत आलो आहे असे म्हणणे जास्त खरे, कारण रात्री उशिरा सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते आणि लहान मुले आईच्या मांडीवर डोके ठेवून अर्धवट झोपेत पखवाज, झांज आणि पेटी ऐकत असतात. राजा रंगभूमीवर आला की नाही, हे डोळे न उघडता पखवाजावरून कळते. संवाद लिहिलेले नसतात. नट तिथल्या तिथे रचून बोलतात, देवादिकांच्या तोंडी भारदस्त पुस्तकी मराठी असते आणि मध्येच कोणीतरी मालवणीत असे काही बोलतो की सगळी जत्रा हसते. चित्रपटात ही गंमत ठिकठिकाणी उतरली आहे. उत्तरार्धात रंगभूषा आणि वेष यांच्यावर बरेच काही अवलंबून आहे, तेवढे मात्र आईंना सांगावे लागेल. माझे स्वतःचे मत विचाराल तर चित्रपटाचा पूर्वार्ध, बाप आणि लेक यांचा, मला पुढच्या सूडनाट्यापेक्षा जास्त भिडला.

मालवणी आईंना समजते का, एवढे आधी पाहा.

जुना प्रेक्षक

मी नवे फारसे पाहत नाही. परंतु गेल्या दोन महिन्यांत डॉ. जब्बार पटेल यांचे ‘सामना’ (१९७४), ‘सिंहासन’ (१९७९) आणि ‘उंबरठा’ (१९८२) हे तीनही चित्रपट पुन्हा पाहिले. तिन्हींची पटकथा विजय तेंडुलकर यांची आहे, आणि नाटककाराने लिहिलेल्या चित्रपटाला आपोआपच कान असतात. ‘सामना’त श्रीराम लागू यांचे मास्तर आणि निळू फुले यांचे हिंदूराव धोंडे पाटील समोरासमोर येतात तेव्हा कोण आवाज चढवतो आणि कोण मुद्दाम खाली आणतो, यावरूनच पारडे कोणाकडे झुकले ते समजते. निळू फुले यांचा आवाज हा त्या चित्रपटातला निम्मा गाव आहे. ‘सिंहासन’मध्ये पात्रे पुष्कळ आहेत, सुरुवातीची वीस मिनिटे कोण बोलतो आहे ते सांगत राहावे, पुढे आवाज ओळखीचे होतात. जुन्या प्रतींमध्ये आवाज थोडा चरचरतो. त्याला इलाज नाही.

सहा ठिपके

मी जन्मतः दृष्टिहीन आहे आणि चित्रपटांचा मोठा षौकीन आहे. म्हणून वरच्या मित्रांच्या चांगल्या हेतूबद्दल पूर्ण आदर ठेवून थोडे वेगळे मत मांडतो.

शेवंतीताई, ‘ऐकण्यासारखे’ चित्रपट वेगळे काढून आईंना तेवढेच दाखवायचे, हे मला पटत नाही. असे केले तर त्यांच्या वाट्याला फक्त खूप बोलणारे चित्रपट येतील. नभोनाट्यात पात्रे ‘अरे, हा दिवा कोणी विझवला?’ अशी वाक्ये ऐकणाऱ्यासाठी मुद्दाम बोलतात. ते नभोनाट्यात शोभते, पण चित्रपटाने तसे बोलावे असे मला कधीच वाटलेले नाही. ‘किल्ला’ माझ्या बहिणीने मला दाखवला आणि तो माझ्या आवडत्या चित्रपटांपैकी आहे. फरक इतकाच, की तिला आता सांगण्याचा पंधरा वर्षांचा सराव आहे.

त्या सरावातून आमच्या दोघांत काही गोष्टी ठरत गेल्या. ती जे दिसते ते सांगते, त्याचा अर्थ सांगत नाही. ‘तो दुःखी आहे’ असे ती म्हणत नाही. ‘तो दप्तर न काढता पलंगावर बसला आहे’ असे म्हणते. दुःख माझे मी काढतो. संवादावर ती कधीही बोलत नाही, दोन वाक्यांमधल्या फटीत बोलते, आणि फट लहान असेल तर एकच नाम आणि एकच क्रियापद वापरते. नवी जागा आली की आधी जागा, मग माणसे. चित्रपट सुरू होण्याआधी ती पाच मिनिटे मला मुख्य पात्रांचे वय, अंगलट आणि कपडे सांगून ठेवते, म्हणजे पुढे तिथे वेळ जात नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे, शांत जागा येणार असेल तर ती आधी सांगते.

‘सैराट’चा शेवट तिने मला असाच दाखवला. तो तिने आदल्या दिवशी एकटीने पुन्हा पाहून ठेवला होता. शेजारीण बाळाला दारापर्यंत आणून सोडते, तिथे तिने माझ्या मनगटावर हात ठेवला आणि म्हणाली, “आता आवाज जाईल आणि परत येणार नाही. बाळ आत जातंय.” मग ती थांबली. मग म्हणाली, “दोघं जमिनीवर आहेत. रक्त आहे.” आणखी थोड्या वेळाने, “बाळ रडत बाहेर निघालंय. पाऊल लाल उमटतंय.” एवढेच. बाकी शांतता तिने तशीच राहू दिली, आणि ती मला पूर्ण ऐकू आली. त्या बाळाचे रडणे मला ऐकू येत नव्हते, आणि ते ऐकू येत नाही एवढे मला ठाऊक होते. दिग्दर्शकाला जे द्यायचे होते ते माझ्यापर्यंत पोहोचले असे मी मानतो.

या चित्रपटाबद्दल आणखी एक सांगायचे म्हणजे, आर्ची मला सर्वांत आधी तिच्या बुलेटच्या आवाजासकट आठवते. रिंकू राजगुरू अकलूजची, तिची बोली कोणी शिकवलेली नाही हे पहिल्या वाक्यात कळते. शहरी नटाने ग्रामीण बोलीचा आव आणला की आम्हा लोकांना ते फार लवकर टोचते, कारण आमच्यापुढे लपायला दुसरे काही नसते.

खर्ज यांनी लिहिलेल्या उपायांबरोबर एक गोष्ट जोडतो. केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने मार्च २०२४ मध्ये चित्रपटगृहांतील प्रदर्शनासाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आहेत, ज्यांत दृष्टिहीनांसाठी ध्वनिवर्णन आणि कर्णबधिरांसाठी पडद्यावर लिहून येणारे संवाद यांचा समावेश आहे. ध्वनिवर्णन म्हणजे माझी बहीण जे करते तेच, पण आधी लिहून, वेळ बसवून, चांगल्या आवाजात मुद्रित केलेले. हिंदीत मला ते अधूनमधून मिळते. मराठीत मला अजून एकाही चित्रपटाला मिळालेले नाही, आणि याची मला खंत आहे. मराठीत लेखक आहेत, आवाज आहेत, नभोनाट्याचा इतका जुना अनुभव आहे.  निर्मात्यांपैकी कोणी हे वाचत असेल तर त्यांनी विचार करावा, अशी कळकळीची विनंती आहे.

आता ‘श्वास’. तो मी तीन वेळा पाहिला आहे. २००४ साली त्याला राष्ट्रीय पुरस्कारांत सुवर्णकमळ मिळाले, तेव्हा ‘श्यामची आई’नंतर पन्नास वर्षांनी हा मान मराठीला मिळाला म्हणून सगळीकडे आनंद झाला होता. डोळ्यांच्या कर्करोगामुळे शस्त्रक्रिया करावीच लागणार, ती केली की दृष्टी जाणार, आणि हे त्या लहान मुलाला सांगायचे कोणी, हा त्याचा गाभा आहे. शस्त्रक्रिया लांबते आणि आजोबा मुलाला दवाखान्यातून गुपचूप बाहेर काढून शहर दाखवायला नेतात. अरुण नलावडे यांचा आजोबा मला फार जवळचा वाटतो, कारण तो नातवाला काय दिसणार नाही याचा हिशेब करत बसत नाही. हाताशी एक दिवस आहे तर तो पुरेपूर वापरतो. माझा आक्षेप एकाच गोष्टीला आहे, की दृष्टी जाणे म्हणजे जणू सगळेच जाणे, असा सूर त्यात मधूनमधून लागतो. शेवटापर्यंत येता येता मात्र तो सूर बराच निवळतो.

आईंना दाखवावा का, हे आम्हाला का विचारता? आईंना विचारा. दोनदा लावता लावता आपण थांबलात, हे त्यांना ठाऊक तरी आहे का?

जाता जाता, ‘अस्तु’ पाहा. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा. डॉ. मोहन आगाशे यांनी त्यात स्मृती हरवत चाललेले संस्कृतचे विद्वान शास्त्री उभे केले आहेत. ते हत्तीच्या मागोमाग चालत निघून जातात आणि माहुताच्या बायकोला, चन्नम्माला, आई मानू लागतात. चन्नम्माच्या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्या कानडी बोलतात, आणि ते कानडी मी नुसते नादासाठी ऐकत बसतो.

शेवंती

सर्वांचे मनापासून आभार. दोन आठवड्यांनी लिहिते आहे, कारण काही करून पाहिल्यावरच लिहावे असे ठरवले होते.

सहा ठिपके, आपले शेवटचे वाक्य मला बरोबर लागले आणि ते लागायलाच हवे होते. मी आईला ‘श्वास’बद्दल विचारले. ती म्हणाली, “तो मी आला तेव्हाच तुझ्या बाबांबरोबर पाहिलाय. मध्यंतरानंतर त्यांनी माझा रुमाल घेतला होता. पुन्हा लाव की, मला काही होत नाही. पण आधी न पाहिलेले दाखव.” एवढ्या साध्या उत्तरासाठी मी दोन महिने घालवले.

‘द डिसायपल’ आम्ही हेडफोन लावून पाहिला, एक जोडी तिला आणि एक मला. खर्ज, आपण लिहिलेल्या रात्रीच्या प्रवासात मी मुद्दाम डोळे मिटून घेतले. आईने मध्येच हेडफोन काढून मला सांगितले, की या मुलाचा आवाज मागून कोणीतरी धरून ठेवल्यासारखा येतो. आपण जे दोन वाक्यांत लिहिले होते ते मी तिला सांगितलेले नव्हते. चित्रपट तिला थोडा लांबला असे वाटले. मला वाटला नाही.

‘किल्ला’ पुन्हा लावण्याआधी मी तो एकटीने पाहिला आणि वहीत लिहून काढला. शिक्षणात आणि नोकरीत मी इतकी पाने लिहिली आहेत, पण ‘चिन्मय उदास दिसतो’ हे वाक्य खोडून त्याजागी नुसते काय दिसते ते लिहिणे मला फार जड गेले. पहिल्या पंधरा मिनिटांतच ते वाक्य मी सहा वेळा लिहिले होते. वही अजून अर्धीच झाली आहे, त्यामुळे तो चित्रपट पुढच्या रविवारी पाहू.

आणि ‘अस्तु’. यासाठी मी काहीच तयारी केली नव्हती, त्यामुळे सुरुवातीला धांदल उडाली. हत्ती रस्त्यातून चालला आहे आणि शास्त्री मागोमाग जात आहेत, हे मी कसेबसे सांगितले. मग चन्नम्मा आली आणि कानडीत बोलू लागली. मी पडद्याखालच्या अक्षरांकडे पाहत अर्थ जुळवत होते, तोवर आईने माझ्या गुडघ्यावर हात ठेवून मला थांबवले. तिचे बालपण अक्कलकोटात गेले, दारातल्या बायकांशी तिची आई कानडीतच बोलत असे, हे मला माहीत होते. पण गेल्या कित्येक वर्षांत मी तिच्या तोंडून कानडीचा एक शब्द ऐकला नव्हता. तिथून पुढे चन्नम्मा कानडीत बोलली की आई माझ्या कानाशी वाकून त्याचे मराठी सांगू लागली, तेही संवादावर न बोलता, नेमके मधल्या फटीत. एका ठिकाणी ती बराच वेळ काही बोलली नाही, तेव्हा मी विचारले, “काय म्हणाली गं ती?” आई म्हणाली, “थांब. अजून बोलतेय ती.”